चार नंबरचा उतार

आज रात्री अकरा स्लीपर कुजवले.
एकेकावर टिचकी मारून रंग उतरवला,
खडीवर तेल सांडलं, तेलावर धूळ बसवली,
धुळीत तिसाकाठचं ते काटेरी गवत,
जे कुणी लावत नाही
आणि कुणी उपटतही नाही.

खेळात यार्ड तयार मिळतं.
बारा रूळ, कंगव्याच्या दात्यांसारखे सरळ.
गेझामामा पडद्यासमोर बसला,
चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला,
"हे यार्ड नाही, एतेल्का.
हा दंतवैद्याचा दवाखाना आहे."

तेव्हापासून मी बिघडवते आहे.

आमचं गाव सरहद्दीवर.
पूर्वेकडून रुंद रूळ येतात, पश्चिमेकडे अरुंद जातात.
दोघांत फरक पंच्याऐंशी मिलिमीटरचा,
म्हणजे माझ्या तळहाताची रुंदी.
हातावर पोट म्हणतात ते हेच:
खनिज या वाघिणीतून त्या वाघिणीत ओतायचं,
आणि जानेवारीत ते गोठून तळाला चिकटलं की
पहारींनी फोडायचं, शिव्या देत,
दोन भाषांत.

मामा सांधेवाला होता.
आता सांधे फक्त त्याच्या गुडघ्यांत उरलेत.
आमचा जिना चढताना
प्रत्येकाचा खटका वेगळा ऐकू येतो.

कोशित्सेच्या दप्तरातून मी जुना नकाशा मिळवला.
नकाशात चार नंबर सपाट आहे.
"नकाशा काढणारा उन्हाळ्यात आला होता," मामा म्हणाला,
"चार नंबर खचतो.
रिकामी वाघीण सोडून बघ,
गाईसारखी आपल्या आपण पूर्वेला निघते."

हजाराला दोन उतार दिला.
वाघीण ढिम्म.
हजाराला तीन. हलली, विचारात पडली, थांबली.
"अजून जरा."
मी साडेतीन टाकले, आणि तिचा दिवा
गवतावरून इतका हळू सरकू लागला
की आधी मला वाटलं, माझेच डोळे थकलेत.
मग सांध्यावर ठक्.
मग ठक् ठक्.

मामाचा डावा हात टेबलावरून सुटला
आणि हवेत काहीतरी शोधू लागला.
"पाचर! पाचर घाल!"
तो ओरडला रशियनमध्ये,
जी भाषा त्याने कधी घरात आणली नाही,
चिखलाच्या बुटांसारखी दाराबाहेरच ठेवली.

रुळाच्या टोकाला वाघीण आदळली.
खेळात आवाज होतो, बाकी काही होत नाही.
मागे घेऊन पुन्हा सोडता येते.
दोन वाघिणी जोडायला एक बटण पुरतं,
कुणालाही बफरांच्या मधे वाकावं लागत नाही.

हे मी त्याला कौतुकाने दाखवत होते,
आणि तो आपला हात बघत होता:
अंगठा, तर्जनी, करंगळी.

मी गप्प झाले.
चहा ठेवला. त्याने तीन चमचे साखर घातली,
डॉक्टरांना सांगू नकोस म्हणाला,
आणि पुन्हा पडद्याकडे वळला.
"ती पत्र्याची खोली. दार आत उघडायचं.
बाहेर उघडलं असतं तर बर्फाने
आम्हाला मार्चपर्यंत कोंडलं असतं."

खेळात आत उघडणारं दार नाही.
रात्री दीडपर्यंत मी ते कोरत बसले,
बिजागरी, कडी,
कडीखालचा, बोटांनी गुळगुळीत झालेला पत्रा.
खिडकीबाहेर खरं यार्ड होतं.
सहा रूळ उखडून नेलेत त्यातले,
उरलेल्यांवरून आठवड्यातून दोनदा
कसलीशी गाडी जाते, ताडपत्रीखाली.
मी त्याच्याकडे फारसं बघितलं नाही,
दाराचं माप चुकत होतं.

सकाळी सात वाजता मामाचा फोन.
"पाचरी कुठे ठेवल्यास?"
ठेवल्याच नाहीत, म्हटलं.
"दाराच्या डावीकडे. तीन.
त्यातली एक मोडकी."
"मोडकी कशाला ठेवायची, मामा?"
तो दमल्यासारखा हसला.
"मोजणीला लागते, पोरी.
साहेब तीन मोजायचा."