तपासणी विभाग

निफाडचा पारा साडेपाचवर,
गंगापूर धरण ब्याऐंशी टक्के,
माझी साखर उपाशीपोटी एकशे अठ्ठावीस.
तिन्ही आकडे डायरीत एकाखाली एक मांडतो.
बेरीज करत नाही, एवढंच.

कुमुद म्हणते, धरणाशी तुमचं काय देणंघेणं?
नळ आला की बादली भरायची.
तिचं बरोबर आहे.
पण चौतीस वर्षं प्रेसमध्ये काढलेल्या माणसाला
आकडा दिसला की तपासावासा वाटतो,
जसं काहींना कुत्रं दिसलं की यू यू करावंसं वाटतं.

तपासणी विभाग, नाशिकरोड.
तिकिटांचे ताव नजरेखालून सरकायचे.
शाई फिसकटलेली, दात तुटलेला,
एकदा तर मोर छापला आणि पिसारा राहिला.
लाल पेन्सिलीची फुली. बाद.
सुटताना गेटवर झडती, रोज.
अजूनही किराणा दुकानातून निघताना
माझे हात आपोआप जरासे वर होतात.
दुकानदार समजतो, नमस्कार केला.

जेलरोडच्या बाकावर आम्ही पाच जण बसायचो.
आता साडेतीन.
(पाटोळेंचा गुडघा असेल तसे पाटोळे येतात.)
मेथीचं पाणी, लासलगावचा भाव,
कोणाच्या सुनेने भिंत पाडून स्वयंपाकघर उघडं केलं,
आता फोडणी दिली की पाहुणा खोकतो.
राजकारण सव्वासातपर्यंतच,
नंतर प्रत्येकाला आपापली गोळी आठवते.

मंगळवारी पान पाचवर रेवजी गायधनी.
दशक्रिया विधी, रामकुंड, सकाळी आठ.
फोटो निरोप समारंभातला, कापून घेतलेला.
उजव्या कडेला राखाडी सफारीचा एक खांदा उरलाय,
तो माझा आहे.
वय चौऱ्याहत्तर, असं छापलंय.
चूक.
रेवजी माझ्याहून दोन महिन्यांनी धाकटा,
आणि मी बहात्तर.
लाल पेन्सिल काढली, चारावर फुली मारली, वर दोन लिहिला.
मग कळेना, हा ताव आता पाठवायचा कुठे.

रविवारी केतकीचा फोन, रॉटरडॅमहून.
पडद्यावर आधी नातवाची नाकपुडी, मग नातू.
आजोबा, स्टॅम्प म्हणजे काय?
म्हटलं, पाकिटाला चिकटवायचं चित्र.
म्हणजे स्टिकर?
हो, पण जिभेने चाटून.
निहार इतका हसला की खुर्चीवरून सरकला,
आणि माझी चौतीस वर्षं
एका क्षणात विनोदी झाली. वाईट नाही वाटलं.
मागून केतकी: बाबा, गोळ्या घेतल्या?
घेतल्या.
(एक राहिली होती. ती नंतर.)

रामकुंडावर थंडी अशी की भटजीही मंत्र भराभर म्हणत होते.
पिंडाला कावळा शिवेना.
धाकट्या भावाने कर्ज फेडायचं कबूल केलं,
मुलीने आईला सांभाळीन म्हटलं.
काही नाही.
मी मनातल्या मनात म्हणालो,
रेवजी, वय दुरुस्त केलंय रे.
तरीही नाही.
कावळा आला तेव्हा मी चपला शोधत होतो.

येताना मिसळ खाल्ली, एकट्याने, रस्सा दोनदा.
जिलेबी कागदात बांधून घेतली,
घरी बायको आहे, असं उगीच सांगितलं मालकाला.
रिक्षा द्वारकेच्या सिग्नलला थांबली
तेव्हा कागद रिकामा होता.

आज निफाड सहा अंश. धरण तेवढंच.
साखर एकशे चौपन्न.
आकड्याकडे बराच वेळ बघत राहिलो,
पेन्सिल हातात.
कुमुद चहा ठेवून गेली, बिनसाखरेचा,
बघितलं तिने, बोलली नाही काही.
छपाई स्वच्छ आहे. शाई कुठे फिसकटलेली नाही.
ताव पुढे सरकवला.