पांढरी पार्श्वभूमी

दर दोन वर्षांनी फोटो लागतो.
चेहरा समोर, डोळे उघडे,
दोन्ही कान दिसतील असे, मागे पांढरं.
हसू नये, असंही लिहिलेलं असतं.
निषाद हसतो.
कशाला, ते आम्हाला आजवर कळलेलं नाही.

रोल्याच्या मागच्या गल्लीत कुंजालींचा स्टुडिओ.
आम्ही जातो ऑगस्टात, दुपारी अडीचला,
शारजातलं मांजरही जेव्हा गाडीखालून बाहेर येत नाही
आणि वळून बघायला रस्त्यावर कुणी नसतं.
चौदा वर्षांचा, मिसरूड फुटलेला मुलगा
माझ्याहून वीतभर उंच,
आणि मी त्याचं मनगट धरलेलं.
दुसरा तळहात नाकाशी धरून
तो येतो. कधी येतो. कधी बसतो तिथेच, तापल्या फरशीवर,
मग मीही बसते.

नाव सातव्या सुराचं. नणंदेने सुचवलेलं.
बारशाला सगळे म्हणाले, गाणार हा.
लावतो ना, एकच सूर लावतो
पहाटे तीनला, खिडकीतल्या एसीला गाल चिकटवून,
एसीचाच सूर, कणभरही न हलता.
पलीकडची सुदानी बाई भिंतीवर मूठ आपटायची.
हल्ली आपटत नाही.
घर बदललं असेल.

तीन वर्षांचा होता तेव्हा क्लिनिकमधल्या बाई म्हणाल्या,
घरात एकच भाषा ठेवा, इंग्रजी बरी.
आम्ही मराठी बंद केली.
ये रे गेलं, भुर्र गेलं, अंघोळ गेली, आई गेली.
कम. सिट. ईट. नो.
विद्याधर त्याच्या आईला फोन करायला जिन्यात जायचा,
लोक सिगारेट ओढायला जातात तसा.
पाच वर्षं.
शब्द आला नाही, कुठल्याच भाषेतून.
मग एका रात्री दाराच्या चौकटीवर त्याने कपाळ आपटलं
आणि रक्त बघून माझ्या तोंडून निघालं,
अरे, माझ्या राजा रे,
ते काही अजून थांबलेलं नाही.
सगळं सांगते आता त्याला:
लिफ्ट बंद आहे, आजीचा गुडघा सुजलाय,
तुझ्या मापाचे डायपर लुलूत मिळेनात,
मेल्या, केस सोड माझे.
त्याला काय पोचतं, देव जाणे.
माझं मराठी सुधारलं.

कुंजाली किल्ल्यांचा जुडगा हलवतात,
मोबाईलवर आगगाडी लावतात,
एकदा तर गुडघ्यावर बसून कोंबडा झाले.
त्रेसष्ट फोटो.
त्रेसष्टांत डोळे भलतीकडेच,
छत्रीच्या तारेवर, पंख्याच्या पात्यावर,
हवेतल्या कुठल्याशा धुळीवर,
जी आम्हा तिघांना दिसत नव्हती.

कुंजाली हळूच म्हणाले, चेची,
दुसऱ्या मुलाचे डोळे बसवून देतो कॉम्प्युटरवर.
कुणाला कळणार नाही.

मी विचार केला. खोटं कशाला बोलू, केला.
समोर बघणारे डोळे.
छापील, आठ प्रतींत.
मग म्हटलं, नको.

फॉर्म विद्याधर भरतो. नातं, मुलगा. व्यवसाय, विद्यार्थी.
कुठल्या शाळेचा, हा रकाना नाही, नशीब.
विद्याधर साठीला येईल, नोकरी संपेल, व्हिसा संपेल,
तेव्हा निषाद असेल अठ्ठावीसचा.
चिपळूणच्या घरात एसी नाही.
तिथे हा सूर कुणाशी लावणार,
या प्रश्नापाशी आम्ही दोघं दिवा मालवतो.

चौसष्टावा फोटो चालला.
मी कॅमेऱ्याच्या मागे उभी होते,
हात उंच, हातात खुबूसची कड.
तो फक्त कडाच खातो.

फोटोत वाटतं, थेट माझ्याकडे बघतोय.
खुबूसकडे बघतोय.
माहीत आहे मला.
सात प्रती फायलीत लावल्या.
एक पर्समध्ये आहे.