दर सहा आठवड्यांनी, गुरुवारी

आमच्या शाळेत गणिताचे नऊ शिक्षक आहेत.
जेवताना एका टेबलाशी बसून ते भांडतात,
एकमेकांचे चिप्स उचलतात.
ग्रंथपाल मी एकटीच.
फोटोकॉपी मशीन अडकलं की मात्र
सगळ्यांना माझी आठवण येते.

म्हणून दर सहा आठवड्यांनी, गुरुवारी,
शेवटची घंटा झाली की
मी टॉडमॉर्डनहून हॅलिफॅक्सची बस धरते.
टेकडीवरची शाळा, खोली क्रमांक चौदा.
बालवर्गाच्या खुर्च्यांत
गुडघे हनुवटीशी घेऊन आम्ही दहा जणी,
आणि एक डेक्लन.
चहा ग्लेनिसच्या थर्मासमधला, कायम कडू.

नोव्हेंबरात तिथे योनासचा विषय निघाला.
मधल्या सुट्टीत रेडिएटरला पाठ लावून बसायचा,
पुस्तक हातात घ्यायचा, उघडायचा नाही.
त्याची भाषा तिग्रिन्या.
मी हे सांगितलं ते मदत मागायला नव्हे,
पाय दुखतात म्हणून सांगावं, तसं.
फर्झानाने बिस्किट खाली ठेवलं.
"माझ्याकडे आहे एक. सहा वर्षं पडून.
का घेतलं तेही आठवत नाही,
टाकून द्यायला हात होत नव्हता."

पुस्तक मंगळवारी आलं,
डेक्लनच्या भावाच्या व्हॅनमधून, पावांच्या क्रेटवर.
कोंबडीची गोष्ट, चार वर्षांच्या मुलांसाठी.
योनास तेराचा.
लाज मला वाटली, त्याला नाही.
त्याने बोट ठेवून मला शिकवलं:
हू, ही, हा...
एकाच अक्षराची सात रूपं.
"अरे, ही तर बाराखडी!" मी मराठीतच ओरडले.
तो हसला. त्याचे दात
मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

जुलैत ग्लेनिसचं ग्रंथालय बंद झालं.
तिथे आता परीक्षेची बाकं आहेत.
आम्ही गाड्या घेऊन गेलो,
मयताच्या घरची भांडी आवरावीत
तशी पुस्तकं उचलली, फारसं न बोलता.
नकाशे डेक्लनला. शब्दकोश मला.
तारखेचा शिक्का कुणालाच नको होता,
तोही मी पर्समध्ये टाकला.

सप्टेंबरात ग्लेनिस आली. थर्मास घेऊनच.
हजेरीचा कागद फिरत तिच्यापाशी पोचला.
'शाळेचे नाव' या रकान्यावर
तिचं पेन जरा वेळ थांबलं.
आम्ही सगळ्या खिडकीबाहेर बघायला लागलो,
बाहेर तर नुसती पार्किंगची जागा.

कागद माझ्याकडे आला तेव्हा वाचलं.
तिने लिहिलं होतं:
खोली चौदा.