शिल्लक: एक डावा

एकतीस डिसेंबर. वर्षाची मोजदाद.
फेल्गेइरासच्या कारखान्यात मशीनं थंड आहेत,
गोंदाचा वास तेवढा सुट्टी घेत नाही.

देओलिंदा शिडीवर. खाली व्हास्को,
पोर्तोहून आलेला, हातात पिस्तुलासारखं यंत्र.
तो म्हणतो, माल साठला की पैसा झोपतो.
ती म्हणते, झोपू दे की घटकाभर,
वर्षभर पळालाय बिचारा.

जुन्या मालकाच्या काळी
आधी शिवायचे, मग गिऱ्हाईक शोधायचे.
छताला टेकलेली खोकी.
एका हिवाळ्यात तपकिरी रंग लोकांच्या मनातून उतरला
आणि सहाशे जोड खोक्यातच म्हातारे झाले.

आता उलटं.
हॅम्बुर्गमध्ये कुणी काचेवर बोट टेकवलं
की इथे पिवळं कार्ड हलतं.
कार्ड आलं तर कातडं कापायचं,
बाराच जोडांपुरतं.
नाही आलं तर शिवणखात्यातली ग्रासिंदा बसून राहते.
बसायची तिला सवय नाही.
ती सुईला तेल घालते. पुसते. पुन्हा घालते.

व्हास्कोचं चुकत नाही, देओलिंदालाही कळतं.
फक्त मार्चमध्ये ट्रकवाले संपावर गेले,
आठशे जोड तयार आणि नाडी एक नाही,
तेव्हा जिन्याखालून तिनं पोतं ओढलं,
काळ्या नाड्यांचं, कुठल्याच वहीत नसलेलं.
त्या दिवशी कुणी विचारलं नाही
नोंद कुठे आहे.

संध्याकाळी शेवटची फळी.
माप अडतीस, डावे एकसष्ट,
उजवे साठ.
व्हास्को तीनदा मोजतो. ताळा लागत नाही.
‘उजवा?’
‘विक्रेत्याच्या बॅगेत. नमुना एकाच पायाचा देतात,
चोराला मोह नको म्हणून.’
‘कुठला विक्रेता?’
‘एव्हारिस्तो. मिलानच्या प्रदर्शनाला गेला.’
‘कधी?’
‘नऊ वर्षं झाली.’
‘वारला?’
‘छे. राहिला तिकडेच.’
खोक्यावरचा आकडा वाचावा तशा आवाजात.

यंत्रात अर्धा जोड लिहायला रकाना नाही.
व्हास्कोचं बोट ‘बाद’वर थबकतं.
त्याची नजर चुकून खाली जाते,
शिडीच्या पायरीवरच्या तिच्या पावलांकडे.
मापं घ्यायची सवय.

‘शून्य लिही,’ देओलिंदा म्हणते,
बाहीनं बुटावरची धूळ पुसते
आणि फळीवर, मागच्या अंगाला,
हात पोचेल तितका आत सरकवते.