दोन वाजता बघा

गंगापूर धरणाचं पाणी मे महिन्यात
जेट्टीपासून चाळीस पावलं मागं सरतं.
चिखलावर फळ्या टाकून आम्ही माणसं चढवतो,
केशरी जॅकेटं, ओल्या चपला, कुणाचं तरी रडकं पोर.
माझी पहिली फेरी दहाची. तेव्हा हर्षदा झोपलेली असते
पार वर, नकाशाच्या पांढऱ्या कडेला,
जिथं ती लोकांना देवमासे दाखवते.

तिच्याही दिवसाला तीन फेऱ्या.
तिच्याही बोटीत उलट्या करणारे, टोप्या वाऱ्याला देणारे,
तिकिटाचे पैसे डोळ्यांनी वसूल करणारे.
फरक एकच, ती सांगते:
मासा दिसला नाही तर पुढची फेरी फुकट, अण्णा.
मी म्हटलं, त्र्यंबकच्या रांगेत हे सांगून बघ.

बोटीचं नाक म्हणजे बारा,
मागचं इंजिन सहा, उजवा हात तीन.
मासा वर आला की ओरडायचं, दोन वाजता!
आणि साठ माना एकदम वळतात.
मी इथं करून बघितलं.
पाणकावळा बुडाला तिकडं हात करून ओरडलो,
"दोन वाजता बघा!"
सिन्नरच्या एका काकांनी घड्याळ बघितलं.
"आत्ता कुठं साडेअकरा. तोवर थांबायचं का?"

तिच्या पहिल्या फेरीत काही नाही.
संध्याकाळी सहाला आवाज आला, गारठलेला:
तीन तास नुसतं पाणी, अण्णा,
लोक माझ्याकडं बघत होते,
जणू मीच कुठं लपवून ठेवलाय.
मला माहीत आहे ती नजर.
"मगर आहे का यात?" विचारतात,
नाही म्हटलं की बघतात, तशी.

तिला बोललो नाही, पण
दाखवायला आपल्याकडंही एक आहे.
मेच्या शेवटी, गंगावऱ्ह्याच्या अंगाला
पाण्यातून वर येणारा बांध,
माझ्या आज्याच्या हरभऱ्याच्या शेताचा.
काळा, ओला, पाठीसारखा.
थोडे दिवस श्वास घेतो, मग जातो.
लहानपणी ती त्याचे दगड मोजायची,
मागच्या साली किती होते, औंदा किती.
प्रवाशांना मी तो दाखवत नाही.
कुणी विचारलंच तर सांगतो, खडक आहे.

दुसऱ्या फेरीची खबर रात्री दहाला:
दिसला. नुसती पाठ. दोन सेकंद.
पण वास आला, अण्णा, त्याच्या श्वासाचा,
पंचवटीच्या मार्केट यार्डामागं
कोबी सडतो ना, अगदी तसा.
अख्खी बोट नाक दाबून,
आणि मी एकटी छाती भरून ओढत होते.
सिंधू भांडी घासता घासता थांबली.
म्हणाली, एवढ्या लांब जाऊन कोबीच?
मग राखेच्या बोटानं तिनं तो आवाज परत लावला.
तीनदा.

तिसरी फेरी तिकडं रात्री आठची, उन्हात.
इकडं दीड.
मी गच्चीवर, फोन छातीवर, डास.
उत्तरेला डोकं करून झोपू नये म्हणतात.
त्या रात्री केलं.
डोकं बारा. पाय सहा.
हर्षदा साधारण अकराला.

चारच्या सुमाराला फोन थरथरला.
फोटो नाही. शब्द नाही.
नुसता आवाज, एकोणीस सेकंद:
वारा, कुणाचा तरी अर्धवट दाबलेला हुंकार,
आणि मग कुणीतरी फार मोठ्यानं, निवांत,
डोक्यावरचा भारा उतरवून टेकावं
तसा सोडलेला श्वास.
नंतर काहीच नाही.
तेही तिनं कापलं नव्हतं.

दहाच्या फेरीला सात जण.
गंगावऱ्ह्याच्या अंगाला पाणी जरा फुगीर दिसलं,
मग बोटभर काळं.
मी इंजिन बंद केलं.
"बिघडलं का?" मागून कुणी विचारलं.
"नाही," म्हटलं, "जरा गप्प बसा.
अकरा वाजता बघा."
कुणीतरी घड्याळ बघितलं.