चौतीस कांड्या

येमुलांचा पहिला फोन आला तेव्हा
आकडा एकोणतीस होता.
संध्याकाळी एकतीस.
रात्री मी ताटावर बसलेलो, पुन्हा फोन,
"जावयाची आई पण येतो म्हणालीय की ओ,
एका बाईनं काय फरक पडतोय?"

पडतो.
एक बाई वाढली की मधली ओळ
दोन्ही टोकांना कापली जाते.
मी चौतीस धरून चाललोय.

हॉल नको, असं नरसय्याअण्णांनी आधीच बजावलं.
हॉलमध्ये सगळे जण
दुसऱ्याच्या लग्नाला आल्यासारखे दिसतात.
खरंय ते.
तर मग हिप्परग्याचा तलाव, बांधाखालच्या चार दगडी पायऱ्या.
पायऱ्या म्हणजे फुकटची उंची,
भाड्याची स्टुलं वाचली.

चैत्र चालू आहे.
सहा वीसला पायऱ्यांवर ऊन येतं
आणि आठच्या आत चावायला लागतं.
मधला दीड तास माझा.
त्यातला एक तास मी आत्ताच सोडून दिलाय
गजऱ्यांना, पोरांच्या हरवलेल्या बुटाला,
आणि कोण कुणाच्या पुढं, या भांडणाला.
उरलेल्या वेळात चौतीस जणांनी
एकदा, फक्त एकदाच, मिळून डोळे उघडे ठेवायचे.

बिलाच्या पाठीवर लिहून ठेवलंय:
पांढरा शर्ट नको.
सगळ्यांना एकच रंग तर नकोच,
गड्डमांनी मागं केलं होतं तसं,
अख्खं घराणं बँडपथक दिसलं.
पोरांना बसायला चादर घरचीच, मोराची,
मोराचं तोंड कॅमेऱ्याकडं.
बालामणीअक्काला खुर्ची.
ती म्हणते, "जन्मभर खाली बसून विड्या वळले,
आता फोटोत कशाला उंच?"
खुर्चीपुढं प्रश्नचिन्ह.

व्यंकटेश आणि अंबादास यांच्याबद्दल
मला कुणी काही सांगितलेलं नाही.
पण एकाच फोटोचा ॲडव्हान्स
दोन घरांतून वेगवेगळा आला, तेव्हाच कळलं.
माग वाटून घेतले होते म्हणे, सहा-सहा.
दोघांना दोन टोकांना उभं करावं
तर फोटो कात्री लावायला सोपा होतो.
शेजारी करावं तर खांदे बोलतात.
पोट झाकता येतं मला, टक्कल झाकता येतं,
खांदे नाही.

म्हणून आज, आदल्या दिवशी, पहाटेच आलोय.
पिशवीत अण्णांच्या कारखान्यातल्या
रिकाम्या कांड्या. मोजून चौतीस.
उंच त्या मागं, बुटक्या पुढं,
तडा गेलेली एक बालामणीअक्का म्हणून मधोमध.
मांडतो, खाली जाऊन बघतो, पुन्हा वर येतो.

म्हशी घेऊन चाललेला एक जण थांबला.
"काय करलालाव?"
"फोटो."
"कुणाचा?"
"उद्याचा."
त्यानं बराच वेळ बघितलं.
मग काठीनं दोन टोकं दाखवली,
"ह्ये दोघं लईच लांब ठेवलाव की."
आणि म्हशींमागं निघून गेला.

मी त्या दोन कांड्या उचलल्या.
खाली ठेवून बघितल्या, वर ठेवून बघितल्या.
शेवटी एकामागं एक ठेवल्या,
धाकटा वरच्या पायरीवर, थोरला खालच्या.
कुणालाच कुणाचं तोंड दिसत नाही.
दोघंही समोर बघणार, माझ्याकडं.
पण वरची पायरी अरुंद आहे, दगड घासलेला.
माणसाचा तोल जातो तिथं,
आत्ताच माझा गेला होता.
हात कुठंतरी टेकावाच लागेल,
आणि टेकायला तिथं
पुढच्याच्या खांद्याशिवाय काही नाही.

मी काही बोलणार नाही.
एवढंच म्हणेन, अंबादास, अजून जरा पुढं,
तोंडावर सावली येतेय.

ऊन आलं. घड्याळ बघितलं, सहा एकवीस.
फोन वाजला.
पस्तीस, म्हणाले.

पिशवीत कांडी उरलेली नाही.
लेन्सचं टोपण काढलं
आणि ठेवलं पहिल्या ओळीत,
जिथं मोराचं तोंड येणार आहे तिथं.