माणशी दर

सबजेलीत आज अकरा आहेत.
नऊ भातवाले, दोन भाकरीवाले;
ते दोघे रायचूरकडचे खलाशी.
पर्ससीनच्या मारामारीत मालक सुटला,
हे गेल्या हंगामापासून इथेच.

एकोणीस वर्षं मी डबा देते.
सरकारी बिल गणपतीचं दिवाळीनंतर येतं,
शिमग्याचं येतच नाही.
मागच्या भिंतीला ओल धरली म्हणून
तुळसणकर जमादारांनी तीन पत्रं लिहिली;
तिसऱ्याच्या उत्तरात पहिल्याची प्रत मागितली.

खोटं कशाला सांगू,
गावड्यांचा झील फेस येऊन पडला त्या रात्री
जीपमध्ये डिझेल नव्हतं.
आमच्या टेम्पोतून नेला,
मासळीच्या बर्फावर पाय ठेवून.
वाचला. हात अजून थरथरतो त्याचा.

म्हणून कंपनीची माणसं आली तेव्हा
मी आपणहून सोलकढी पुढे केली.
पांढऱ्या बुटांचा पोरगा,
त्याच्या कागदात सगळं होतं:
गार पाणी, कॅमेरे, फोनवर डॉक्टर,
घरच्यांशी बोलायचं तर मिनिटाला सात रुपये.
माझ्यापुरतीही एक ओळ होती:
जेवण कुडाळहून, सीलबंद.

असू दे, म्हटलं.

मग जमादारांनी चष्मा कपाळावर ढकलून
अट क्रमांक चौदा वाचली.
मोठ्याने. दोनदा.
दर माणशी, दर दिवशी.
चाळीसांहून कमी भरले तरी
पैसे चाळीसांचे.

नारळ मोजतच मोठी झाले मी.
चाळीसातून अकरा गेले, एकोणतीस.
एकोणतीस रिकाम्या अंथरुणांचे पैसे
भरता भरता
वर बसलेल्या कुणाला तरी एक दिवस वाटणारच,
पैसे जातातच आहेत, तर माणसंही जाऊ देत.

तेव्हापासून बाजारात
मला माणसं दिसत नाहीत, भरती दिसते.
जेटीवर विनापावती सुकट पसरणारी पारू,
बागेच्या राखणीचा नेपाळी, कागद हरवलेला,
दशावतारातला संकासूर, पिऊन एसटीपुढे नाचलेला,
माझा धाकटा, हेल्मेट नसलेला.
बारा, तेरा, चौदा, पंधरा...
ओठ आपोआप हलतात.

काल नारळी पौर्णिमा.
वड्या घेऊन गेले तेव्हा जमादार मोजणी करत होते.
एरवी अकरावर थांबले की म्हणतात,
‘सगळे आहेत.’
काल म्हणाले, ‘अकराच?’

टेंडर अजून उघडलेलंही नाही.

बारा वड्या होत्या डब्यात.
बारावी तिथे ठेवायला हात धजेना.
पदराआड धरून
परत घरी आणली.